घाटावरचा उपास आणि मेंदूचे इंधन

बुलढाणा जिल्ह्यात उपासाला वार-तिथींची वाण नाही. शेगावच्या गजानन महाराजांचा गुरुवार, वारकऱ्यांची एकादशी, घाटावर चिखली-मेहकरकडे श्रावणातले सोमवार-शनिवार, मुसलमान वस्त्यांत रमजान, मलकापूर-खामगावच्या जैन घरांत पर्युषण. नाव सगळ्यांना उपासाचेच, पण शरीराच्या हिशेबात ते एक नाहीत.

मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे 2 टक्के असतो, पण सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो. दिवसाला त्याला 120 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागते. पोटात अन्न गेले नाही की यकृतातला साठा साधारण दिवसभरात संपत येतो. मग यकृत चरबीपासून कीटोन तयार करू लागते. मेंदू ते जाळू शकतो, हे 1967 मध्ये बोस्टनच्या जॉर्ज काहिल यांच्या गटाने सिद्ध केले. पाच-सहा आठवडे निराहार राहिलेल्या माणसांचा मेंदू निम्म्याहून अधिक ऊर्जा कीटोनमधून घेत होता.

या मापाने एकादशी फारच तोकडी पडते. भगर आणि राजगिरा हे पिठूळ पदार्थ फराळात होतेच, त्यात साबुदाण्याची भर पडली. हा साबुदाणा पूर्वी मलायाकडून येई. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि तमिळनाडूत सेलमभोवती टॅपिओकाच्या कंदापासून तो काढणारे कारखाने उभे राहिले. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतला शेंगदाणा आणि बटाटाही तिकडचेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ताटभर खिचडी खाल्ली की कीटोन तयार होण्याचे कारणच उरत नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण जीवरसायनाच्या दृष्टीनेही खरी आहे.

रमजानचा रोजा निर्जळी आणि कडक, पण सूर्यास्ताला सुटतो. संध्याकाळपर्यंत कीटोन जेमतेम वाढू लागतात. शरीराला खऱ्या अर्थाने दुसऱ्या इंधनावर नेते ती पर्युषणातली अठ्ठाई. आठ दिवस फक्त उकळून गार केलेले पाणी, तेही सूर्यास्तापूर्वी. काहिल यांनी मोजलेली प्रक्रिया या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालू होती; तिचा हेतू मात्र कर्मनिर्जरेचा, म्हणजे साचलेली कर्मे झडून जाण्याचा, आरोग्याचा नव्हे.

मेंदूच्या आजारासाठी वाट वेगळीच होती. बुलढाण्याजवळ पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या यात्रेत नारळांची होळी पेटते आणि ‘बाधा’ झालेली म्हणून मनोरुग्णांना तिथे आणले जाते. फेफरेही गावोगाव बाधेतच मोजले जाई. चरकसंहितेने मात्र अपस्माराला रोग मानून औषधी तुपे सांगितली होती. त्या तुपाची मात्रा कीटोन निर्माण करण्याइतकी नव्हती, तेव्हा त्यात फेफऱ्यावरचा आजचा केटो आहार शोधणे ही ओढाताण होईल.

उपासाचा फेफऱ्याशी संबंध पाश्चात्त्य वैद्यकाने जोडला. 1911 मध्ये पॅरिसमध्ये ग्वेल्पा आणि मारी यांनी रुग्णांना उपास घडवून झटके कमी झाल्याचे नोंदवले. उपास कायम करता येत नाही, म्हणून 1921 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी उपासाचा परिणाम साधणारा स्निग्ध आहार, म्हणजेच केटो आहार, सुचवला. त्यांचे सहकारी पीटरमन यांनी त्याचे प्रमाण बसवले: वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅम प्रथिने, दिवसाला 10 ते 15 ग्रॅम कर्बोदके, उरलेले सारे स्निग्ध. 1938 मध्ये फेनिटॉइन आले आणि गोळी घेणे सोपे असल्याने हा आहार मागे पडला. 1990 नंतर तो परतला. 2008 मध्ये लंडनच्या चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या मुलांपैकी या आहारावरच्या 38 टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले. हा आहार न दिलेल्यांत हे प्रमाण 6 टक्के होते. भारतीय मुलांवरील अनुभव मुंबईचे डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केला.

वऱ्हाडी ताटाशी हा आहार जुळवणे कठीण. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतच तीसहून अधिक ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे पीटरमन यांच्या दिवसभराच्या वाट्याच्या दुप्पट. स्मृतिभ्रंश किंवा मनोविकारांवर या आहाराचा उपयोग होतो का, यावरच्या चाचण्या लहान आणि अल्पकाळाच्या आहेत. भक्कम पुरावा आहे तो हट्टी फेफऱ्याचाच, आणि तोही डॉक्टर व आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, औषधे परस्पर बंद न करता.