सात यंत्रं आणि सत्तर रुग्ण: कोपनहेगन, १९५२

आयसीयूमधल्या उपकरणांचा इतिहास लिहायला घेतला की आपण बहुतेक वेळा एक यादी करतो. कोणतं यंत्र, कुणी शोधलं, कोणत्या साली. मीही आधी तेच केलं. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर एक वेगळा प्रश्न विचारून बघा: त्या दिवशी वॉर्डात यंत्रं होती किती, आणि ती चालवत कोण होतं?

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. रुग्ण ब्लेगडॅम या साथरोग रुग्णालयात येत होते. तिथे एक आयर्न लंग होतं आणि छातीवर बसवायची सहा श्वासयंत्रं. म्हणजे एकूण सात. पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रुग्णांवर या यंत्रांनी उपचार झाले, २७ दगावले.

इथे थांबा. हे सगळे मृत्यू यंत्रं कमी पडल्यामुळे झाले का? नाही, यंत्र मिळालेलेही जात होते. अनेकांना गिळता येत नव्हतं, लाळ आणि कफ फुप्फुसांत उतरत होता, आणि बाहेरून छाती ओढणाऱ्या यंत्राला त्यावर काहीच करता येत नव्हतं. त्यात रक्ताच्या तपासणीत बायकार्बोनेट वाढलेलं दिसे, त्याचा अर्थ डॉक्टर अल्कलोसिस असा लावत. मुख्य डॉक्टर लासेन यांनी सल्ल्याला बोलावलेले भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणाले, उलट आहे. रुग्णाला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येत नाहीये, म्हणून तो साठतोय.

२७ ऑगस्टला त्यांनी १२ वर्षांच्या एका मुलीवर ते दाखवून दिलं. श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली, कफ ओढून काढला आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. आता गंमत बघा, यातलं काहीच नवीन नव्हतं. पिशवी, नळी, ऑक्सिजनचा सिलिंडर हे सगळं ऑपरेशन थिएटरमध्ये रोज वापरलं जात होतं. ते फक्त थिएटरमधून वॉर्डात आलं.

पण थिएटरमध्ये हे काम काही तासांचं असतं. इथे तेच काही आठवडे, काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने, चोवीस तास करायचं होतं. साथीच्या ऐन भरात एकाच वेळी ७० रुग्णांना असा श्वास द्यावा लागत होता. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं गेलं. सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने खाटेशेजारी बसून पिशव्या दाबत होते. म्हणजे आपल्याच वयाची पोरं! आजच्या व्हेंटिलेटरचा पंप आणि अलार्म ही दोन्ही कामं त्यांच्याकडे होती. सिलिंडर बदलणं, कफ काढणं, रक्ताचे नमुने पोचवणं याचीही घडी बसवावी लागली. माझ्या मते या प्रसंगातला खरा शोध ही घडी हाच आहे.

मृत्यूचं प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवरून ४० च्या आसपास उतरलं. हे आकडे वापराल तेव्हा जपून. आधीचा आकडा फक्त ३१ रुग्णांचा आहे, आणि पिशवीबरोबरच नळी, नर्सिंग, रक्ताची तपासणी असं बरंच काही एकदम बदललं होतं. श्रेय एकट्या पिशवीला देता येणार नाही. लासेन यांचा अहवाल जानेवारी १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तो मुळातून वाचा.

विद्यार्थ्यांच्या हातांची जागा घेणारी यंत्रं पुढच्या काही वर्षांत आली, त्यात स्वीडनमधल्या एंगस्ट्रॉम यांचं यंत्र महत्त्वाचं. पण इब्सेन त्यांच्यासाठी थांबले नाहीत. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी कोपनहेगनच्याच महापालिका रुग्णालयात एक वेगळा विभाग सुरू केला, आणि तिथे पोलिओ नसलेले गंभीर रुग्णही याच पद्धतीने सांभाळले जाऊ लागले.