आजोबांचे नाव, नातवाची गादी

मराठेशाहीच्या इतिहासात कर्त्या पुरुषांची संख्या मोठी असली, तरी त्यांच्या नावांची संख्या त्या मानाने फारच थोडी आहे. संभाजी, शिवाजी, राजाराम, शाहू आणि शहाजी एवढ्या मोजक्या नावांवर भोसले घराण्याच्या सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही शाखांनी आपल्या बहुतेक पिढ्या निभावून नेल्या. पेशव्यांकडे बाळाजी, बाजीराव आणि माधवराव ही नावे फिरून फिरून आली, तर होळकरांकडे मल्हारराव आणि तुकोजी, शिंद्यांकडे जनकोजी. आजच्या वाचकाचा यात गोंधळ उडतो आणि तो दोष जुन्या लोकांच्या माथी मारला जातो. वस्तुतः या पुनरुक्तीमागे एक ठरीव पद्धत होती, आणि नाव ही व्यक्तीची खासगी खूण नसून वतनासारखी, म्हणजे पिढीजात हक्काच्या मिळकतीसारखी, घराण्याची ठेव आहे, ही समजूत त्या पद्धतीच्या मुळाशी होती.

दिवंगत वडीलधाऱ्याचे, विशेषतः आजोबांचे, नाव नातवाला ठेवणे हा त्यातला सर्वांत पक्का रिवाज होता. भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी हे विश्वनाथ उर्फ विसाजी भटांचे पुत्र. त्यांच्या थोरल्या मुलाचे मूळ नाव विसाजी, जो पुढे बाजीराव म्हणून गाजला, आणि या बाजीरावांचा थोरला मुलगा पुन्हा बाळाजी. आजोबांचे नाव उपलब्ध नसेल किंवा घरात नुकताच कोणाचा अकाली मृत्यू झाला असेल, तर चुलत्याचे नाव पुढे येई. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कर्नाटकात कनकगिरी येथे मारले गेल्यानंतर, 1657 मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या युवराजाला तेच नाव मिळाले. त्याच पुरंदरावर 1774 मध्ये नारायणराव पेशव्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाला, दीड वर्षापूर्वी क्षयाने गेलेल्या चुलत्याचे, माधवरावांचे, नाव देण्यात आले.

काही ठिकाणी तर एकच नाव नव्हे, भावांची जोडीच्या जोडी पुन्हा उभी केलेली दिसते. मालोजी भोसल्यांचे दोन मुलगे शहाजी आणि शरीफजी. शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरास राज्य स्थापल्यावर त्यांच्या मुलांची नावेही शहाजी आणि शरीफजी, म्हणजे सरफोजी, हीच पडली. रघुनाथराव पेशव्यांच्या दोन औरस मुलांना रघुनाथरावांच्या वडिलांचे आणि चुलत्याचे नाव मिळाले, त्यामुळे बाजीराव आणि चिमाजी अप्पा ही आजोबांच्या पिढीतील विजयी जोडी अठराव्या शतकाच्या शेवटी पुण्याच्या राजकारणात, अगदीच वेगळ्या गुणांसह, पुन्हा अवतरली. हा रिवाज धर्माच्या सीमेवरही थांबला नाही. बाजीराव आणि मस्तानी यांचे पुत्र शमशेर बहादूर 1761 मध्ये पानिपतच्या रणात जखमी होऊन वारले. त्यांचे पुत्र अली बहादूर यांनी बुंदेलखंडात बांद्याची नबाबी उभारली, आणि त्यांच्या मुलाचे नाव पुन्हा शमशेर बहादूर होते.

राजघराण्यातील स्त्रियांच्या नावांचाही असाच फेर दिसतो, मात्र त्याचे कारण वेगळे असावे. लग्नात वधूचे नाव बदलण्याची चाल असल्याने सासरला हवे ते नाव तिला देता येत असे. शिवाजी महाराजांच्या राण्यांत एक सकवारबाई आणि एक सगुणाबाई होत्या. त्यांचे नातू शाहू यांच्या दोन राण्यांची नावेही सकवारबाई आणि सगुणाबाई हीच होती. 1760 नंतर कोल्हापूरचा कारभार मोठ्या धडाडीने सांभाळणाऱ्या राणीचे नावही, शिवाजी महाराजांच्या मातोश्रींप्रमाणे, जिजाबाईच होते.

नावाचा असा वारसा चालत आला की त्यातून हक्काचा प्रश्नही उभा राहणारच. 1700 साली शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम यांचा सिंहगडावर अंत झाल्यावर त्यांच्या राणी ताराबाईंनी आपला लहानगा मुलगा शिवाजी याला गादीवर बसविले. त्या वेळी संभाजी महाराजांचा मुलगा औरंगजेबाच्या छावणीत कैदेत होता आणि त्याचेही जन्मनाव शिवाजीच होते. एका आजोबांचे नाव दोन नातवांकडे गेले होते आणि राज्यही दोघांनाही हवे होते. कैदेतील नातू 1707 मध्ये सुटून आला, तो शाहू या नावाने, आणि पुढच्याच वर्षी त्याने साताऱ्यास राज्याभिषेक करविला. ताराबाईंच्या वेगळ्या गादीचे ठिकाण झालेल्या कोल्हापुरात 1714 मध्ये राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांनी ताराबाईंचा पक्ष उलथवून आपला मुलगा संभाजी याला पुढे आणले. त्यामुळे 1731 मध्ये वारणेचा तह होऊन दोन राज्यांची हद्द ठरली, तेव्हा शाहू महाराज ज्या चुलतभावाशी करार करीत होते, त्याचे नाव त्यांच्या स्वतःच्या वडिलांचे होते.

इतकी सारखी नावे असताना रोजचा व्यवहार कसा चालत असेल, याचे उत्तर घरगुती नावांत सापडते. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारू नये असा दंडक असल्यामुळे, सासऱ्याचे नाव धारण करणाऱ्या तिच्याच मुलाला तिने त्या नावाने हाक मारण्याची सोय उरत नसे. मग तो नाना, बापू, भाऊ किंवा अप्पा होई आणि जन्मभर तेच नाव चाले. पण घरगुती नावेही मोजकीच असल्याने एक गोंधळ मिटवताना दुसरा तयार होई. बाळाजी बाजीराव पेशवे हे नानासाहेब, आणि ज्यांना आजोबांचेच बाळाजी हे नाव मिळाले होते ते बाळाजी जनार्दन भानू हे नाना फडणवीस. म्हणजे नाव एक आणि घरगुती नावही एकच. त्या काळच्या पत्रांत वर तिथीऐवजी ‘छ’ हे अक्षर लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, दिलेला असतो, साल मात्र पुष्कळदा नसते. अशा कागदात नुसते ‘नाना’ आले, तर मजकुरातील स्वारी, माणसे आणि शिक्का पाहिल्यावाचून ते पत्र कोणत्या नानांविषयी आहे हे सांगता येत नाही. कारकुनी व्यवहारात याला उपाय होता तो वडिलांच्या नावाचा. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव, बाळाजी जनार्दन असे लिहिले की शंका उरत नसे.

‘पहिला’, ‘दुसरा’ असे क्रमांक लावण्याची सवय इंग्रजी इतिहासग्रंथांवरून आली. मराठी बोलण्यात थोरले आणि धाकटे हे शब्द पुरेसे होते. साताऱ्याच्या दरबारातील मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीला ‘थोरले शाहू महाराज’ म्हणणे भाग पडले, कारण 1777 नंतर दुसरे शाहू गादीवर आलेले होते. नारायणरावांच्या मुलाला ‘सवाई’, म्हणजे सव्वापट, हे विशेषण लागले. त्याला राज्य करण्याची मोकळीक कधीच मिळाली नाही, त्यामुळे ते विशेषण गुणाचे नसून केवळ ओळखीचे मानावे लागते. दुसऱ्या बाजीरावांच्या बाबतीत लोकांनी विशेषण न लावता नावच उलटे केले आणि त्यांना रावबाजी म्हटले. क्रमांकापेक्षा ही निवड अधिक बोलकी आहे.

एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या गादीवर एकामागून एक दत्तक आल्यावर नाव देणे हा उघडपणे गादीचा विधी झाला. 1866 मध्ये नागोजीराव दत्तक आले आणि राजाराम झाले. युरोपच्या प्रवासातून परतताना 1870 मध्ये फ्लॉरेन्स येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यामागून आलेले नारायणराव शिवाजी झाले. 1884 मध्ये कागलकर घाटग्यांचे नऊ वर्षांचे पुत्र यशवंतराव दत्तक घेण्यात आले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. साताऱ्याचे राज्य 1848 मध्येच खालसा झाले होते. ज्या शाहूंच्या पक्षाशी कोल्हापूरने एकेकाळी झुंज दिली, त्यांचे नाव आता कोल्हापूरच्याच गादीवर आले. आज महाराष्ट्रात नुसते ‘शाहू महाराज’ म्हटले, तर 1922 मध्ये निवर्तलेले कोल्हापूरचे राजर्षी शाहूच समजले जातात, आणि साताऱ्याच्या शाहूंचा उल्लेख करताना गावाचे नाव जोडावे लागते.