मैदानातली चांगली जागा कुणाची?

आमच्या अभ्यासवर्गाला पूर्वी नियमित येणारा एक तरुण सध्या अमेरिकेत, दक्षिणेकडच्या एका राज्यात शिकतो आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. जय भीम झाला, घरच्यांची विचारपूस झाली आणि मग तो म्हणाला, फुटबॉलची मॅच बघायला जायचे आहे, पण तिकीट कुठले घ्यायचे तेच ठरत नाही. समोर संगणकावर स्टेडियमचा नकाशा होता आणि प्रत्येक भागाला वेगळा रंग, वेगळा भाव.

हा फुटबॉल म्हणजे कोल्हापुरात पेठांच्या तालमी शाहू स्टेडियमवर खेळतात तो नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल, पायाने कमी आणि हाताने जास्त खेळला जाणारा. शंभर यार्डांचे मैदान, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन. त्याच्या वसतिगृहातल्या जुन्या जाणत्यांनी त्याला सगळे शास्त्र समजावले होते. पन्नास यार्डांच्या रेषेजवळ, म्हणजे मैदानाच्या ऐन मध्यावर, बसावे. अगदी खाली बसू नये, कारण कडेला उभ्या असलेल्या खेळाडूंच्या पाठीच दिसतात. थोडे वर बसले की डावाची मांडणी कळते. स्टेडियमला छप्पर नाही, म्हणून उन्हाचा विचार आधी करावा. मॅच दुपारची असेल तर पश्चिमेच्या बाजूला बसावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि सावली लवकर येते. पूर्वेला बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत डोळ्यांवर हात धरून बसतो. एंड झोनच्या मागे सगळ्यात स्वस्त, कारण तिथून चेंडू किती पुढे सरकला याचा अंदाजच येत नाही.

तो हे सगळे उत्साहाने सांगत होता आणि आमच्या डोक्यात दुसरेच चालू होते. ज्या भागात तो आज जागा निवडतो आहे, त्या भागात साठ-सत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न प्रत्येकाला विचारलाच जात नव्हता. काहींची जागा आधीच ठरलेली होती. एंड झोनच्या मागे.

मित्रहो, आपल्याकडे अमेरिकेतील वंशभेदाचा इतिहास सांगताना बस, शाळा आणि मतपेटी यांचा उल्लेख होतो. स्टेडियमचा होत नाही. खेळ म्हणजे करमणूक, तिथे कसले राजकारण, असा आपला भाबडा समज. आम्हाला उलट वाटते. माणूस सक्तीने जिथे जातो तिथल्या विषमतेपेक्षा, तो आनंदासाठी जिथे जातो तिथली विषमता समाजाचे मन जास्त उघडे करते.

न्यू ऑर्लिन्सचे उदाहरण घेऊ. लुईझियाना राज्यातले हे शहर. १८९२ मध्ये होमर प्लेसी याच शहरात रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्याला अटक झाली. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल देऊन ‘वेगळे पण समान’ या ढोंगाला कायद्याची झूल चढवली. म्हणजे मुळात भांडण होते ते एका आसनाचेच. याच शहरात ट्युलेन स्टेडियम नावाचे ऐंशी हजारांवर माणसे मावणारे उघडे स्टेडियम होते आणि तिथे १९३५ पासून दरवर्षी नववर्षाच्या सुमारास ‘शुगर बोल’ हा विद्यापीठ संघांचा मानाचा सामना होई. कृष्णवर्णीयांना प्रवेश होता, पण मैदानाच्या टोकाला, वेगळ्या काढलेल्या छोट्या भागात. बाकी जागांच्या तिकिटावर छापलेलेच असे की हे तिकीट गोऱ्या वंशाच्या व्यक्तीसाठी आहे. जानेवारी १९५५ च्या सामन्यात अमेरिकन नौदल अकादमीचा संघ आला, तेव्हा टीका झाली आणि अकादमीच्या वाट्याच्या तिकिटांपुरती ती अट काढावी लागली.

तिकिटावर वंश छापणे! आपल्याकडे कुणी इतके उघड लिहीत नाही. आपल्याकडे आडनाव विचारतात.

पुढच्याच हंगामात ठिणगी पडली. २ जानेवारी १९५६ च्या शुगर बोलसाठी पिट्सबर्ग विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक असे संघ ठरले. पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रियर हा एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्व्हिन ग्रिफिन यांनी २ डिसेंबर १९५५ रोजी विद्यापीठांच्या नियामक मंडळाला तार केली. तारखेकडे लक्ष द्या. आदल्याच दिवशी, १ डिसेंबरला, शेजारच्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा सोडायला नकार दिला होता. ग्रिफिन यांच्या तारेत मागणी काय होती? मिश्र वंशाच्या संघाशी आपले संघ खेळू नयेत, एवढीच नव्हे. जिथे प्रेक्षकांना वंशानुसार वेगळे बसवले जात नाही, तिथेही आपले संघ जाऊ नयेत, अशी होती.

हा दुसरा भाग बहुतेक जण वाचून पुढे जातात. आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो. कारण पिट्सबर्गने आपल्या वाट्याच्या जागांमध्ये वंशानुसार विभागणी चालणार नाही असे बजावले होते. मैदानावर एक कृष्णवर्णीय माणूस खेळला तर दोन-तीन तासांत खेळ संपतो, तो आपल्या गावी निघून जातो. पण बाकावर शेजारी बसलेला? त्याचा कोपर आपल्या कोपराला लागतो. तो आपल्याबरोबरच ओरडतो, आपल्याबरोबरच उठून उभा राहतो. आपल्यापेक्षा चांगल्या जागेवरही बसलेला असू शकतो. गव्हर्नरसाहेबांना या शेजाराचीही तितकीच धास्ती होती.

जॉर्जिया टेकचे विद्यार्थी ग्रिफिनविरुद्ध रस्त्यावर उतरले, गव्हर्नरच्या निवासस्थानापर्यंत गेले, त्यांचा पुतळा जाळला. याचे कौतुक होते, व्हावेही. पण त्यातल्या किती जणांना समता हवी होती आणि किती जणांना फक्त मॅच हवी होती, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. नियामक मंडळाने खेळायला परवानगी दिली, मात्र जॉर्जियाच्या हद्दीत असे सामने होणार नाहीत ही मेख मारूनच. सामना झाला. ग्रियर खेळला. जॉर्जिया टेकने ७-० असा विजय मिळवला, आणि तो एकमेव टचडाउन ज्या निर्णयातून निघाला तो वादग्रस्त निर्णय ग्रियरच्याच विरोधात गेलेला होता.

मग लुईझियानाच्या विधिमंडळाने काय केले? त्याच वर्षी, जुलै १९५६ मध्ये, कायदा केला. मिश्र वंशाचे सामने बंद. आणि सामन्याला येणाऱ्या प्रेक्षकांसाठी बसण्याची जागा वेगळी, स्वच्छतागृह वेगळे, पिण्याचे पाणीसुद्धा वेगळे. पाणी हा शब्द वाचला की आपल्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला तेव्हा एकोणतीस वर्षे होऊन गेली होती. आणि इकडे ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला लाखो माणसे धम्मदीक्षेसाठी एका मोकळ्या मैदानावर खांद्याला खांदा लावून बसली.

कायद्याचा परिणाम असा झाला की पुढची आठ वर्षे शुगर बोलमध्ये केवळ गोऱ्या खेळाडूंचेच संघ खेळले. एका बॉक्सरने लढलेल्या दाव्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्र सामन्यांवरची बंदी मोडीत काढली, तरीही. बंदी गेली म्हणजे सवय जात नाही.

इथे कुणी म्हणेल की वंश वेगळा आणि जात वेगळी, तुम्ही उगीच सांगड घालता. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनीच ठासून सांगितले आहे, आम्ही ते विसरलेलो नाही. पण त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या परिस्थितीतले साम्य नोंदवले होते. उगम वेगळा असेल, पण माणसाला त्याची पायरी दाखवण्याची रीत सारखीच आहे. ती आसनातून दाखवली जाते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. शाळेत प्रवेश होता, फळा दिसत होता, धडा ऐकू येत होता. मग तक्रार कशाची, असे आजही विचारणारे आहेत. एंड झोनमागे बसवलेल्या माणसालाही मॅच दिसतच होती.

आता आमच्या मते या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रसंग. १९६३ साली ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचा एक प्रदर्शनीय सामना अलाबामातील मोबिल शहरात ठरला होता. तिथे प्रेक्षकांना वंशानुसार वेगळे बसवले जाणार होते. संघातील चार कृष्णवर्णीय खेळाडूंनी, आर्ट पॉवेल, क्लेम डॅनियल्स, बो रॉबरसन आणि फ्रेड विल्यमसन यांनी, खेळायला नकार दिला. हे खेळाडू मैदानावर उतरणारच होते, त्यांना कुणी अडवले नव्हते, पैसेही मिळणार होते. त्यांनी नकार दिला तो वरच्या बाकांवर बसणाऱ्या अनोळखी माणसांसाठी. सामना मोबिलमधून हलवावा लागला. आपल्यातला एखादा वर गेला की खाली कोण कुठे बसले आहे हे बघत नाही, ही आपल्या समाजातली नेहमीची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. म्हणून या चौघांची नावे आपल्या मुलांना माहीत असायला हवीत.

ह्यूस्टनमध्येही तोच प्रकार. तिथल्या जेपसन स्टेडियमवर ऑइलर्स संघाचे सामने होत आणि कृष्णवर्णीयांची रवानगी एंड झोनकडे. लॉइड वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकाराने त्याविरुद्ध मोहीम चालवली. (पुढे हेच वेल्स व्यावसायिक फुटबॉलमधले पहिले पूर्णवेळ कृष्णवर्णीय खेळाडू-शोधक झाले.) सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलच्या गेटर बोल या फुटबॉल स्टेडियमवर बीटल्स गाणार होते. प्रेक्षक वेगळे बसवणार असाल तर गाणार नाही, असे त्यांनी कळवले आणि कार्यक्रम एकत्र बसलेल्या श्रोत्यांपुढे झाला. चार गोऱ्या गायकांच्या नकाराची आठवण जग ठेवते, पॉवेल आणि त्याच्या साथीदारांची ठेवत नाही, हेही इथेच नोंदवून ठेवू.

जानेवारी १९६५ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे चक्र फिरले. १ तारखेच्या शुगर बोलला सिराक्यूज विद्यापीठाचा संघ कृष्णवर्णीय खेळाडूंसह उतरला. शहर बदलले म्हणून डंका पिटला गेला. दोनच आठवड्यांनी त्याच ट्युलेन स्टेडियमवर एएफएल या व्यावसायिक लीगचा ऑल-स्टार सामना होता. आलेल्या २१ कृष्णवर्णीय खेळाडूंना टॅक्सीवाल्यांनी नाकारले, क्लबच्या दारातून परत पाठवले. त्यांनी एकत्र बसून ठराव केला आणि शहर सोडले. सामना ह्यूस्टनला हलवावा लागला, आणि गंमत म्हणजे त्याच जेपसन स्टेडियमवर. स्टेडियमच्या आतली पाटी काढली तरी बाहेरचे शहर तेच राहते, हे त्या खेळाडूंना आपल्या कितीतरी समाजशास्त्रज्ञांच्या आधी कळले होते.

आता तर पैसे टाकले की कुणीही कुठेही बसू शकतो, असे सांगितले जाईल. खरोखर? अनेक संघांकडे हंगामी तिकिटे वर्षानुवर्षे त्याच घरांकडे असतात, बापाकडून मुलाकडे जातात. ग्रीन बे पॅकर्सच्या मैदानाची हंगामी तिकिटे १९६० पासून संपलेलीच आहेत, लोक ती मृत्युपत्रात लिहून ठेवतात. दक्षिणेतल्या मैदानावर ज्या काळात मधली जागा एकाच वंशाला मिळत होती, त्या काळी ती कुणी धरून ठेवली असेल आणि नंतर ती कुणाकडे गेली असेल, याचा विचार करा. जन्माने मिळालेल्या जागेला गुणवत्ता म्हणायची सवय आपल्याला परिचयाची आहे.

१९९३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहरात पँथर्स संघाने नवी युक्ती मोठ्या प्रमाणावर रुजवली. आधी एकरकमी पैसे भरून ‘तिकीट विकत घेण्याचा हक्क’ विकत घ्यायचा, तिकिटाचे पैसे नंतर वेगळे. चांगली जागा, तर हक्काचा भाव मोठा. या पैशातून १९९६ मध्ये उघडे स्टेडियम उभे राहिले. ते जिथे उभे आहे तिथे पूर्वी गुड समॅरिटन हॉस्पिटल होते. १८९१ मध्ये सुरू झालेले, कृष्णवर्णीयांसाठीचे देशातल्या अगदी पहिल्या खासगी रुग्णालयांपैकी एक. १९१३ च्या ऑगस्टमध्ये गोऱ्या जमावाने जो मॅकनीली या जखमी कृष्णवर्णीय माणसाला याच रुग्णालयातून ओढून बाहेर काढले आणि ठार मारले. बाबासाहेब त्याच वर्षी जुलैत शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोचले होते. आज त्या जागी लोक पन्नास यार्डांची रेषा कुठून नीट दिसेल याची चर्चा करतात.

आमच्या तरुण मित्राला हे सगळे फोनवर सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की त्याच्या वसतिगृहातला एक जण मुद्दाम एंड झोनमागेच बसतो, कारण बचाव फळीत फट कुठे पडते ते तिथून सरळ समोर दिसते. आम्ही म्हटले, बसू दे. तो निवडून बसतो आहे.

त्याने स्वतः शेवटी पूर्वेकडचे, वरच्या रांगेतले तिकीट घेतले. पश्चिमेचे परवडले नाही. दुपारभर ऊन तोंडावर येणार म्हणून टोपी घेऊन जा, असे आम्ही बजावले आहे.