मॅगेलनी मेघ ते खोडद : सहचर बटुदीर्घिकांच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. या अक्षांशावरून दक्षिण खगोलीय ध्रुवाभोवतीचा सुमारे २० अंशांचा प्रदेश कधीही क्षितिजावर येत नाही. मॅगेलनचा लहान मेघ नेमका याच प्रदेशात आहे. सुमारे दोन लाख प्रकाशवर्षे अंतरावरील ही अनियमित बटुदीर्घिका आकाशगंगेची सहचर मानली जाते. बटुदीर्घिका म्हणजे अल्प ताऱ्यांची लहान दीर्घिका. सर्पिल भुजा वा ठरावीक आकार नसेल आणि हायड्रोजन वायू विपुल असेल, तर ती अनियमित म्हटली जाते. विदर्भाच्या आकाशात कधीच न उगवणाऱ्या या मेघाच्या अभ्यासाशी महाराष्ट्राचा संबंध कसा जुळला आणि एखादी दीर्घिका दुसरीची सहचर आहे हे कशाच्या आधारे ठरते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतराचा शोध :
१५१९ ते १५२२ या काळातील मॅगेलनच्या सागरी मोहिमेचा वृत्तांत लिहिणाऱ्या अंतोनियो पिगाफेत्ता याने दक्षिण आकाशातील या मेघांची नोंद केली. दक्षिणेतील रहिवाशांना ते त्यापूर्वीपासूनच परिचित होते. युरोपने दिलेले नाव मात्र रूढ झाले. पुढे हार्वर्ड वेधशाळेतील हेन्रिएटा लेव्हिट यांनी पेरू येथे घेतलेल्या छायापट्टिकांवरून १९०८ मध्ये दोन्ही मेघांतील १७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्यांनी लहान मेघातील २५ ताऱ्यांचा आवर्तनकाल व तेजस्विता यांतील संबंध दाखवून दिला. एकाच मेघातील तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने त्यांच्या तेजातील फरक खरा मानता आला. याच संबंधाच्या आधारे एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिका आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे सिद्ध केले. विश्वाचे अंतर मोजण्याची पट्टी अशा रीतीने एका लहान दीर्घिकेने दिली.

पॉट्स हिल ते कल्याण :
अंतर कळले तरी दीर्घिकेची अंतर्गत गती कळण्यासाठी वायूचा वेध घेणे आवश्यक होते. हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींचे भाकीत व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले आणि १९५१ मध्ये त्या प्रत्यक्ष सापडल्या. सिडनीजवळील पॉट्स हिल या केंद्रात केर, हिंडमन व रॉबिन्सन यांनी १९५३-५४ मध्ये मॅगेलनी मेघांतील हायड्रोजनचा वेध घेतला. आकाशगंगेबाहेरील हायड्रोजनचा हा पहिला वेध होय.

याच सुमारास गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे सिडनी येथे रेडिओ खगोलशास्त्राचे प्रशिक्षण घेत होते. पॉट्स हिल येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी उभारलेल्या ३२ लहान तबकड्या वापरातून निघाल्यावर ऑस्ट्रेलियाने त्या भारताला दिल्या. प्रथम त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आल्या. १९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९६५ मध्ये याच तबकड्यांची दुर्बीण मुंबईजवळील कल्याण येथे कार्यान्वित झाली. परदेशात जुन्या ठरलेल्या साधनांतून भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचा पाया घातला गेला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

खोडद आणि बटुदीर्घिका :
१९७० मध्ये उटी येथील दुर्बीण पूर्ण झाली. त्यानंतर पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी तारांवर ताणलेली पोलादी जाळी वापरल्याने वजन व खर्च कमी झाला. २००१ मध्ये ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

खोडदवरूनही लहान मेघ दिसत नाही. परंतु उत्तर आकाशातील त्याच्या जातीच्या दीर्घिका दिसतात. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर व त्यांच्या रशियन सहकाऱ्यांनी अशा ६५ मंद अनियमित दीर्घिकांच्या सर्वेक्षणाचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला. तत्पूर्वी २००५ मध्ये एनजीसी ३७४१ या बटुदीर्घिकेची वायूची तबकडी तिच्या दृश्य मर्यादेच्या सुमारे आठपट दूर पसरल्याचे याच दुर्बिणीने दाखवले होते. तेवढ्या दूरवरील वायूच्या परिभ्रमणावरून तेथे अदृश्य कृष्णद्रव्याचे वर्चस्व असल्याचे अनुमान निघते.

अँड्रोमेडा-४ हे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. देवयानीच्या सहचरांचा शोध घेताना १९७२ मध्ये ही वस्तू सापडली. देवयानी सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे; अँड्रोमेडा-४ मात्र सुमारे सव्वादोन कोटी प्रकाशवर्षांहून अधिक दूर असलेली एकाकी बटुदीर्घिका ठरली. तिच्यातील विपुल वायूचे जीएमआरटीने घेतलेले वेध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. शेजारी दिसणे म्हणजे परिक्रमा करणे नव्हे.

परिक्रमेचा प्रश्न :
खुद्द मॅगेलनी मेघांबाबतही हा प्रश्न सुटलेला नाही. १९७४ मध्ये त्यांच्यामागे पसरलेला हायड्रोजनचा दीर्घ प्रवाह ओळखला गेला आणि ते आकाशगंगेभोवती अनेकदा फिरले असावेत, हे मत दृढ झाले. २००६ मध्ये हबल दुर्बिणीच्या मापनांतून त्यांचा वेग अपेक्षेपेक्षा अधिक आढळला. परिणामी २००७ मध्ये, ते प्रथमच आकाशगंगेजवळ आले असावेत, असा निष्कर्ष पुढे आला. २०२४ मध्ये व्हासिलिएव्ह यांनी ही मोठ्या मेघाची दुसरी फेरी असण्याची शक्यता मांडली.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, 'सहचर' हे दीर्घिकेचे जन्मजात विशेषण नाही. अंतर, वायू आणि वेग या तिन्हींच्या मापनानंतर ते द्यावे लागते आणि नव्या मापनानंतर तपासावेही लागते. पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येणाऱ्या 'परिक्रमा करते' या विधानामागे शतकाचा वाद आहे, हे विद्यार्थ्यांसमोर यावयास हवे. तसेच पॉट्स हिल, कल्याण आणि खोडद ही परंपरा असे दर्शवते की, ज्ञानक्षेत्रातील केंद्र व परिघ हे नातेही कायमचे नसते. वापरातून निघालेल्या तबकड्यांपासून आरंभ करणारा देश चार दशकांत इतरांना निरीक्षणासाठी दुर्बीण देऊ शकला. ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासाचे मोल तेथे आहे.