सरकारची मर्जी असेल तोवर

१८९७ च्या जुलैअखेर मुंबई सरकारने दोन दिवसांत तिघांना पकडले. २७ तारखेला मुंबईत बाळ गंगाधर टिळकांना, आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या बंधूंना. निमित्त एकच होते. २२ जूनच्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. मारेकरी सापडत नव्हते. पुण्यावर जादा पोलिस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांच्या माथी मारला गेला होता.

टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्याचे कागद भरपूर आहेत. केसरीच्या १५ जूनच्या अंकातला मजकूर, त्याची इंग्रजी भाषांतरे, त्या भाषांतरांवरून झालेली वकिलांची झुंज, न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला केलेले निरूपण, सगळे छापून आलेले आहे. सहा युरोपियन ज्युरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. सरकारविषयी प्रेम नसणे हीच अप्रीती, असा स्ट्रेचींनी लावलेला अर्थ त्याच वेळी वादग्रस्त ठरला. सरकारने मात्र १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम दुरुस्त करून तो वाद आपल्या बाजूने मिटवला. निकाल मला अन्यायाचा वाटतो. पण तो अन्यायाचा का, हे सांगायला माझ्या हाताशी आधार आहे. न्यायाधीशाचे वाक्य समोर ठेवून आजही त्याच्याशी भांडता येते.

नातू बंधूंच्या बाबतीत भांडायलाच काही नाही. आरोपपत्र नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही, निकाल नाही. कागद गहाळ झाले असे नव्हे; ते जन्मालाच आले नाहीत, कारण ज्या कायद्याखाली त्यांना नेले त्याला यातल्या कशाचीच गरज नव्हती. तो कायदा म्हणजे मुंबई इलाख्याचा १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन.

एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबई इलाख्याच्या कायद्यांची संहिता झाली, तिच्यातला हा रेग्युलेशन. साचा बंगालच्या १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनचा. त्याच्या प्रस्तावनेत हेतू कसलाही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. एखाद्या माणसाविरुद्ध न्यायालयात जाण्याइतका पुरावा नसेल, किंवा तसे जाणे प्रकरणाच्या स्वरूपाला मानवणारे नसेल, तरी राज्यकारणासाठी त्याला अडकवून ठेवणे कधी कधी आवश्यक होते. पुढच्या काळातले असे कायदे इतके प्रामाणिक राहिले नाहीत. या रेग्युलेशनला आणखी एक शेपूट होते: जहागीरदार, सरदार यांच्या जमिनी राज्यकारणासाठी जप्त करण्याचा अधिकार. पेशवाई नुकतीच बुडालेली, दुखावलेले सरदार गावोगाव बसलेले. त्यांच्यासाठी बेतलेला हा अंगरखा होता.

आणि सत्तर वर्षांनी तो चढवला कुणाच्या अंगावर? नातू घराण्याच्या. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले त्या काळात कंपनीच्या कामी आलेले बाळाजीपंत नातू याच घराण्यातले. इंग्रजी राज्याच्या कृपेने वाढलेल्या घरावर त्याच राज्याचा आणीबाणीचा कायदा उलटला, यात पुण्याने त्या वेळी काव्यगत न्याय पाहिला असेल तर नवल नाही. पण या पिढीतल्या भावांनी केले काय होते? प्लेगच्या घरझडतीच्या वेळी गोऱ्या सोजिरांच्या वर्तनाबद्दल त्यांनी प्लेग अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या होत्या. गणेशोत्सवाच्या आणि सनातनी चळवळीच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. खुनाशी संबंध जोडणारा पुरावा कधीही कोणत्याही न्यायालयापुढे आला नाही. अशा तक्रारी करण्याची किंमत काय पडते हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही त्याच आठवड्यात अनुभवले. विलायतेत त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांची वाच्यता केली होती. जुलैअखेर ते परतले, माहिती पुरवणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे येईना, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

न्यायालयात दाद मागायचा रस्ता आधीच बुजला होता. १८६९ मध्ये वहाबी कटाच्या संशयावरून कलकत्त्याचा कातड्याचा व्यापारी अमीर खान याला बंगालच्या रेग्युलेशनखाली उचलले होते. त्याच्यासाठी हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला, आणि तो चालवायला मुंबईचे बॅरिस्टर अ‍ॅन्स्टी कलकत्त्याला गेले. त्यांचा सवाल साधा होता: इंग्रज प्रजाजनाला जे स्वातंत्र्य आहे ते हिंदी प्रजाजनाला आहे की नाही? न्यायमूर्ती नॉर्मन यांनी १८७० मध्ये रेग्युलेशन वैध ठरवून अर्ज फेटाळला. पुढल्या वर्षी खुद्द नॉर्मन यांचाच खून झाला. म्हणजे रेग्युलेशनने त्यांनाही सुरक्षित ठेवले नाही.

नातूंच्या कहाणीत मला सर्वांत बोलके वाटते ते तारखांचे गणित. ऑक्टोबर १८९७ मध्ये दामोदर चापेकरांनी खुनाचा कबुलीजबाब दिला. रीतसर खटला उभा राहिला, आणि १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. पुढे १८९९ च्या मे महिन्यात त्यांचे भाऊ वासुदेव व बाळकृष्ण आणि साथीदार महादेव रानडे हेही फासावर गेले. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी नेहमीचा कायदा अपुरा आहे असे सरकार सांगत होते, त्याचा निकाल नेहमीच्या कायद्यानेच लागला. या सगळ्या काळात विनाचौकशी कोठडीने तपासाला काय दिले याचा मागमूस नाही. उपयोगी पडले ते वीस हजारांचे इनाम आणि चापेकरांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंची फितुरी. तरी दामोदर फासावर गेले त्या दिवशी नातू सरकारच्या बंदीतच होते, आणि १८९९ पर्यंत तसेच राहिले. खुनी सापडल्याने त्यांच्या स्थितीत फरक पडण्याचे कारणच नव्हते, कारण कागदावर त्यांचा खुनाशी संबंध कधी जोडलाच गेला नव्हता. जो आरोपच केलेला नाही तो खोडून काढणार कसा?

१८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. तिथे या अटकेचा निषेध झाला. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्यावर उत्तर देण्याची पाळी आली, पण पुरावा मांडण्याची नाही.

१९१८ मध्ये रौलट समितीने क्रांतिकारी कटांचा अहवाल लिहिला तेव्हा सुरुवात पुण्यापासून, चापेकरांपासून केली. त्या अहवालातून १९१९ चा कायदा निघाला. त्यातही चौकशी बंद दाराआड आणि संशयिताला वकील नाही. देशभर आग उसळली, कायदा प्रत्यक्षात न वापरता १९२२ मध्ये रद्द झाला. या गदारोळात १८२७ चा म्हातारा रेग्युलेशन कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. त्याला काहीही झाले नाही.

त्याच १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींवर राजद्रोहाचा रीतसर खटला चालला. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला देत सहा वर्षे दिली. पण त्याआधी आरोपीने भर कोर्टात सरकारवरच आरोपपत्र वाचून दाखवले आणि ते सर्वत्र पोचले. सरकार शिकले. मिठाच्या सत्याग्रहात, १९३० च्या ४ मेच्या मध्यरात्रीनंतर, दांडीजवळच्या कराडी गावी पोलिस आले तेव्हा गांधीजींनी विचारले, राजद्रोहाचे कलम आहे का? नव्हते. वॉरंट वाचून दाखवण्यात आले. १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, सरकारची मर्जी असेल तोवर, येरवड्याच्या तुरुंगात. खटला नाही, म्हणून निवेदनही नाही. २६ जानेवारी १९३१ ला सुटका झाली तीही मर्जीनेच, आणि ४ जानेवारी १९३२ ला मुंबईच्या मणिभवनातून त्यांना पुन्हा नेले तेव्हा कायदा तोच होता.