फुप्फुसाचे जुनाट विकार आणि तंतुकणिका

श्वासाने आलेला ऑक्सिजन पेशीत जिथे प्रत्यक्ष खर्ची पडतो, ते अंगक म्हणजे तंतुकणिका, अर्थात मायटोकॉन्ड्रिया. या नावातल्या तंतूचा फुप्फुसात साचणाऱ्या तंतूंशी काही संबंध नाही. येथे गल्लत सहज होते.

तंतुकणिकेचा बिघाड तीन प्रकारचा. पहिला ऊर्जानिर्मितीचा : एटीपी (पेशीचे ऊर्जावाहक रसायन) घटते आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या साखळीतून गळालेल्या इलेक्ट्रॉनांमुळे ऑक्सिजनची दाहक रूपे वाढतात. दुसरा जनुकद्रव्याचा : तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत ३७ जनुके असून त्यांपैकी १३ प्रथिनांची आहेत. या डीएनएला हिस्टोन प्रथिनांचे संरक्षण नाही आणि गळती शेजारीच. म्हणून पहिल्यातून दुसरा उद्भवतो व दुसऱ्याने पहिला बळावतो. हे चक्र तोडणारी व्यवस्था म्हणजे निकामी कणिकांचा निचरा. ती बिघडणे हा तिसरा प्रकार, आणि निर्णायक हाच.

निरोगी कणिका पिंक-१ हे प्रथिन आत ओढून त्याचा नाश करते. पटलावरील विद्युतभार उतरला की हे ओढणे थांबते, पिंक-१ बाह्य पटलावर साचते, पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावते, आणि खूण पडलेली कणिका पेशी पचवून टाकते.

कारण अज्ञात असलेल्या फुप्फुस-तंतुमयतेत (आयपीएफ) वायुकोशांच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींत पिंक-१ घटलेले आणि कणिका फुगलेल्या आढळतात. हे रोगाचे कारण की परिणाम? पिंक-१ नसलेल्या उंदरांची फुप्फुसे तंतुमयतेला अधिक बळी पडतात. म्हणजे निदान अंशतः तरी कारण.

सीओपीडीचे (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराचे) प्रकरण गुंतागुंतीचे आहे. हा रोग विडी-सिगारेटच्या धुराने होतो तसा चुलीच्याही; प्रयोग मात्र बहुतांशी सिगारेटच्या धुरावरचे. त्यांतील काहींत पार्किन घटून निचरा अपुरा पडला आणि श्वासनलिकेच्या पेशी अकाली वृद्ध झाल्या. इतरांत पिंक-१ वाढून निचरा अतिरेकी झाला आणि पेशी मेल्या. तेथे पिंक-१ नसलेले उंदीर उलट बचावले. हा विरोध प्रयोगांच्या चुकीमुळे नसावा. पेशी कोणती आणि रोगाची अवस्था कोणती, यावर तो अवलंबून असावा. मग निचरा सरसकट वाढवणारे औषध एका विकारात तारक, तर दुसऱ्यात मारक ठरू शकते.

केवळ पहिल्या प्रकारावर, म्हणजे ऊर्जानिर्मितीच्या बिघाडावर, रोख धरून ऑक्सिडीकरणविरोधी औषध देणे हा सोपा मार्ग. आयपीएफमध्ये एन-ॲसिटिलसिस्टीनची तशी चाचणी झाली. २०१४ साली निष्कर्ष आला की ६० आठवड्यांनंतर फुप्फुसाची क्षमता टिकवण्यात औषध आणि औषधाविना गोळी यांत लक्षणीय फरक नव्हता.