कुंपणानेच शेत खाल्ले!

काळोखात कंदील घेऊन निघालेल्या माणसाला पुढची दहा पावलेच दिसतात. तो मात्र कोसावरून दिसतो. रडारचेही तसेच. आपण सोडलेली लहर शत्रूवर आपटून परत येईतो अगदी क्षीण होते. पण पलीकडे नुसता कान देऊन बसलेल्यास ती कितीतरी लांबून कळते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर रात्री चालून जाणाऱ्या ब्रिटिश बाँबर विमानांच्या शेपटीस ‘मोनिका’ नावाचे रडार बसविले होते. मागून कोणी आले की ते आतल्या मंडळींस सावध करी. जर्मनांनी मोनिकेच्याच लहरी टिपणारे ‘फ्लेन्सबुर्ग’ यंत्र बनविले. झाले! राखणदारच चोराला वाट दाखवू लागला.

१३ जुलै १९४४ च्या पहाटे एक जर्मन युंकर्स ८८ विमान वाट चुकून इंग्लंडात वुडब्रिजच्या तळावर उतरले. त्यात हे यंत्र आयतेच सापडले. ब्रिटिशांनी ते आपल्याच लँकॅस्टर विमानावर पारखून पाहिले, आणि मोनिका विमानांवरून उतरविली गेली.

तिच्या भरवशावर गेलेली किती पोरे परतली नाहीत, याचा हिशेब कोण देणार? आजच्या लढाऊ विमानांत, स्वतः मुके राहून शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे यंत्र असते. बोलण्याआधी ऐकावे, हा धडा असा महागात पडला!